पाच पुलांची बातमी

रविवारी दोन्ही भावांची कुटुंबं एकत्र जेवायला बसली की तिचा धाकटा दीर तोंडाला कुलूप लावून बसायचा. म्हणजे गप्पा मारायचा नाही असं नव्हे. मुलांच्या परीक्षा, गाडीचा गिअर, शेजाऱ्यांचं भुंकणारं कुत्रं, सगळ्यावर भरभरून बोलायचा. फक्त नोकरीबद्दल अवाक्षर नाही. दीर लष्कराच्या मुख्यालयात कर्नल आणि वहिनी एका मोठ्या दैनिकाची संरक्षण प्रतिनिधी, म्हणून ही खबरदारी. एकदा तिने सहज विचारलं, "भाऊजी, काल तुमच्या मेसमध्ये जेवायला काय होतं?" दिराने पाण्याचा घोट घेतला आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, "वहिनी, नो कमेंट्स." सगळे खो खो हसले. तीही हसली. पण तो नुसता विनोद नव्हता, कारण मेसमध्ये काय होतं ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

इतकं पथ्य पाळूनही जगाचा समज नेमका उलटा होता. ऑफिसात तिला तोफबाई म्हणत आणि तोफबाईचा दारूगोळा घरातूनच येतो, याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती. चांगली बातमी छापून आली की कुणीतरी हमखास म्हणायचं, "काय तोफबाई, रविवारचं जेवण जोरात झालेलं दिसतंय!" सुरुवातीची काही वर्षं ती खुलासे देत बसली. मग खुलासे दिले की लोक आणखीच अर्थपूर्ण हसतात हे लक्षात आलं आणि तिने नाद सोडला.

खरं तर तिचं बरंचसं काम उघड्यावर पडलेल्या गोष्टींवर चाले. वार्षिक संचलनाला एका तुकडीचं बँडपथक आलं नाही, यावरून ती अख्खी तुकडी हलल्याचं तिने ओळखलं होतं. नव्या क्षेपणास्त्राच्या ट्रेलरची चाकं मोजून त्याचं वजन काढलं होतं आणि ते पुढे बरोबर निघालं होतं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकली होती. त्यातलं फारसं काही डोक्यात राहिलं नव्हतं, पण एखादी वस्तू जड असेल तर तिला खालून कशाने तरी पेललेलं असलंच पाहिजे, एवढं मात्र पक्कं बसलं होतं.

पुलांची बातमी तिथूनच सुरू झाली.

लष्कराने नवा रणगाडा घेतला होता आणि तो लोकांना दाखवायला एका मैदानावर ठेवला होता. पोरंटोरं त्यावर चढत होती, बाकीचे वार्ताहर तोफेच्या नळीचे फोटो काढत होते. तिचं लक्ष गेलं रणगाड्याच्या कपाळावरच्या पिवळ्या गोलाकडे. त्यावर काळ्या रंगात आकडा होता, सत्तर. लष्कराच्या प्रत्येक जड गाडीवर असा गोल असतो आणि सीमेकडच्या रस्त्यांवर प्रत्येक पुलाच्या तोंडाशी तशीच पिवळी गोल पाटी असते. हिशोब सोपा आहे. गाडीचा आकडा पुलाच्या आकड्यापेक्षा मोठा असला, तर गाडीने पुलावर जायचं नाही. हा आकडा म्हणजे नेमके टन नव्हेत. वजन किती लांबीवर पसरलंय तेही त्यात धरलेलं असतं. पण ड्रायव्हरला त्याच्याशी कर्तव्य नसतं. त्याने लांबून आकडा वाचायचा आणि जायचं की थांबायचं ते ठरवायचं, म्हणून तर पिवळा रंग.

हे रणगाडे डोंगरातल्या सीमेवर ठेवणार असं सरकारने ढोल वाजवून जाहीर केलं होतं. तिकडे जायला एकच रस्ता. ती साध्या प्रवासी बसमध्ये खिडकीशी बसली आणि निघाली.

"बाई, शेवटच्या गावात कुणाकडे जायचंय?" कंडक्टरने तिकीट फाडताना विचारलं.

"कुणाकडे नाही. जाऊन परत येणार, याच बसने."

कंडक्टरने तिला खालून वर न्याहाळलं. "तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. ड्रायव्हरसाहेबांना सांगाल का, पुलापाशी गाडी जरा हळू घ्या म्हणून?"

पुढून ड्रायव्हर ओरडला, "सांगायला कशाला पाहिजे? या पुलांवर पळवायला मी काय जिवावर उदार झालोय?"

वाटेत पाच पूल लागले. पहिला, दुसरा आणि चौथा सत्तरचे. तिसऱ्याच्या पाटीवर पन्नास. पाचव्याच्याही पाटीवर पन्नास. तिने चालत्या बसमधून फोटो काढले, परतीच्या वाटेवर पुन्हा काढले. म्हणजे ज्या रणगाड्यांच्या भरवशावर सीमा सुरक्षित झाल्याचं सांगितलं जात होतं, ते तिसऱ्या पुलाच्या अलीकडेच उभे राहणार होते.

संपादकाने बातमी वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "एक नंबर. सूत्र कोण?"

"पाटी."

"कोण पाटी?"

"कोण नाही, काय. रस्त्याकडेची पाटी. फोटो जोडलेत. आणि हा मैदानावरच्या रणगाड्याचा फोटो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा, वाचकाला दुसरं काही सांगावं लागणार नाही."

"हं," संपादक म्हणाला. त्याच्या त्या 'हं'चा अर्थ तिने तेव्हाच विचारायला हवा होता. पण तिला दुसऱ्या दिवशी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, ती घरी गेली.

सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसून तिने पेपर उघडला. पहिल्या पानावर, वरच्या अर्ध्यात, तिच्या नावानिशी बातमी होती. आणि पहिल्याच वाक्यात होतं: 'लष्करी मुख्यालयातील उच्चपदस्थ सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार'. पाट्यांचा परिच्छेद गायब होता. फोटोही. त्यांच्या जागी एका फ्रिजची जाहिरात होती.

"काय गं, चांगलं आलंय का?" डोळ्यांत थेंब घालून बसलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"फ्रिज चांगला आलाय," ती म्हणाली.

संपादकाला फोन लावला तर तो खुशीत होता. "अगं, जाहिरात ऐन वेळी आली, दोन परिच्छेद कापावेच लागले. आणि पाटी वगैरे काय लिहायचं? वाचक म्हणेल, रस्त्यावर लिहिलेलं वाचून आल्या, यात कसली बातमी? सूत्रं म्हटलं की वजन येतं."

"असं कुठलंच सूत्र नाहीये!"

"तेच तर बरं. नसलेल्या सूत्राला धोका काय?"

धोका काय, ते संध्याकाळी कळलं. लष्कराने बातमी 'निराधार' असल्याचं पत्रक काढलं आणि त्याच तासाभरात ती कुणी फोडली याची चौकशी लावली. निराधार बातमी फुटते कशी, हा प्रश्न विचारायला तिला कुणी वेळ दिला नाही, कारण तोवर धाकट्या जावेचा फोन आला होता.

"ताई, आज यांना ऑफिसात बोलावून फोन काढून घेतला."

"कुणी? भाऊजींचा?"

"मग काय माझा? वहिनी पेपरात, दीर मुख्यालयात, पेपर म्हणतो मुख्यालयातल्या सूत्रांनी सांगितलं. दोन अधिक दोन करायला अक्कल लागते का? ताई, या महिन्याच्या अखेरीला बढतीची यादी लागणार आहे. यांची शेवटची संधी आहे, तुम्हाला माहीत आहे. ब्रिगेडियर झाले तर झाले, नाहीतर पुढच्या वर्षी घरी बसायचं."

"अगं, पण भाऊजींनी मला काहीही सांगितलेलं नाही!"

मग जाऊ हलक्या आवाजात म्हणाली, "ते मला माहीत आहे ताई. पण समजा, चुकून कधी बोलता बोलता निघालं असेल..."

"मेसमध्ये काय शिजलं तेसुद्धा सांगत नाहीत ते!"

"चिडू नका. मी आपलं म्हटलं."

तिने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण ओटा पुसला. नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याचा आत्तापर्यंतचा सगळा संसार बायको आणि भाऊ या दोघांच्या मधे मान खाली घालून गेला होता.

"तू सांगून टाक ना दुसरं कुणाचं तरी नाव," तो म्हणाला.

"कुणाचं? पाटीवर सही नसते रे."

दुसऱ्या दिवशी ती संपादकाच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. मागणी एवढीच होती: चार ओळींचा खुलासा, की ही माहिती रस्त्यावरच्या पाट्यांवरून घेतली आहे, लष्करातल्या कुणीही दिलेली नाही.

संपादकाने हात जोडले. "म्हणजे आम्ही खोटं छापलं असं आम्हीच छापायचं?"

"खोटं तुम्ही छापलंच आहे."

"बातमी खरी आहे ना? मग? उद्या खुलासा दिला की परवापासून आपलं प्रत्येक 'सूत्र' म्हणजे पाटी, असं लोक म्हणणार. आणि तत्त्वाचाही प्रश्न आहे. आपण सूत्र कधीही उघड करत नाही. त्याच्यासाठी लोक तुरुंगात गेलेत."

"माणसांसाठी गेलेत! पाटीला कसलं संरक्षण द्यायचंय? तिला कोण पकडणार आहे?"

"हे बघ," संपादक समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुझी तळमळ कळते मला. घरचा माणूस आहे. पण असं घाईघाईने अंगावरचं झटकायला गेलीस तर संशय आणखी वाढेल. आपल्या वकिलांचंही तेच मत आहे."

बाहेर आल्यावर एकाने पाठीवर थाप मारली. "दिराला सांभाळा हो तोफबाई. सोन्याची खाण आहे ती." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहाचा कप तिथेच विसरून निघून गेला.

मग तिने जे केलं ते तिच्या धंद्यात कुणी करत नाही. स्वतः पायाने चालत चौकशी अधिकाऱ्याकडे गेली, ऑफिसात कुणालाही न सांगता.

चौकशी अधिकारी सभ्य माणूस होता. करड्या मिशा, टेबलावर एकही कागद नाही, पाठीमागच्या खिडकीतून दिसणारं गाड्यांचं आवार. त्याने तिच्यासाठी चहा मागवला, तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, आपण कुटुंबासाठी आलात, मला आदर वाटतो."

"मी खरं सांगायला आलेय."

"अर्थात."

"तुमचा विश्वास बसत नाहीये."

"बसायला हवा होता. पण बघा, गेली कित्येक वर्षं आम्ही आपल्या बातम्या वाचतो. बँडपथकावरून तुकडी ओळखली, चाकांवरून वजन ओळखलं असं आपण म्हणता. दर वेळी काहीतरी सबब तयार असते. मी आपल्या जागी असतो तर मीही आधीच अशी तयारी करून ठेवली असती."

आयुष्यभर जे काम केलं, ते या माणसाला सबब वाटत होतं. संपादकाला ते हलकं वाटलं म्हणून त्याने झाकलं आणि याला ते फारच हुशारीचं वाटलं म्हणून खोटं वाटलं. तिने खुर्ची मागे सारली आणि खिडकीपाशी गेली.

"इकडे या. तो कोपऱ्यातला मोठा ट्रक. त्याच्या बंपरपाशी पिवळा गोल आहे. आकडा वाचा."

"अठ्ठावीस," अधिकारी जागेवरूनच म्हणाला. "तो सगळ्या गाड्यांवर असतो."

"आणि सगळ्या पुलांवरही असतो. तुमच्या अभियंत्यांना फोन करा. माझं नाव सांगू नका. एवढंच विचारा, त्या रस्त्यावरच्या पाच पुलांना पाट्या आहेत का आणि आकडे काय आहेत. मी आधी सांगते: सत्तर, सत्तर, पन्नास, सत्तर, पन्नास."

अधिकाऱ्याने फोन उचलला. बोलणं फार झालं नाही. "पाट्या आहेत? बाहेरच्या बाजूला? रस्त्यावरून दिसतात?... कोणत्याही गाडीतून?... बरं, आकडे सांगा." तो ऐकत गेला आणि प्रत्येक आकड्यागणिक त्याची पाठ खुर्चीत ताठ होत गेली. फोन ठेवून त्याने मिशीवरून हात फिरवला.

"हे कुणीही वाचू शकतं?"

"वाचण्यासाठीच लावल्यात."

"प्रवासी बसमधून?"

"ड्रायव्हर चांगला असेल तर फोटोही स्पष्ट येतो."

"मॅडम," तो उभा राहून म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजातला आदर खरा होता, "आपण फार गंभीर त्रुटी लक्षात आणून दिलीत. कर्नलसाहेबांचा याच्याशी काही संबंध नाही, हे मी आजच कळवतो. त्यांचा फोन त्यांना संध्याकाळपर्यंत मिळेल. आणि त्रुटी महिन्याच्या आत दूर केली जाईल, माझा शब्द."

भाऊजी सुटले होते. शिवाय पूलही होणार होते. ती हसून म्हणाली, "महिन्याच्या आत? दोन पूल? एवढ्या लवकर कसे काय बांधणार?"

अधिकाऱ्याने गोंधळून तिच्याकडे पाहिलं. "पूल? नाही नाही. मी पाट्यांबद्दल बोलतोय. त्या काढायला किती वेळ लागतो?"

"पाट्या काढणार?"

"सीमेवरच्या रस्त्याची क्षमता वाटसरूंना वाचता येते, म्हणजे काय!"

"पण रणगाडे त्या पुलांवरून जाणार नाहीत हे..."

"तो माझा विषय नाही, मॅडम. माझा विषय माहिती कशी फुटली हा आहे. ते कोडं आपण आज सोडवून दिलंत." त्याने तिला दारापर्यंत सोडलं. "चहा तसाच राहिला आपला."

शब्दाला तो माणूस पक्का निघाला. महिना संपायच्या आत पाचही पाट्या गेल्या. तिने पुन्हा बसने जाऊन पाहिलं. पुलांच्या तोंडाशी फक्त उघडे लोखंडी खांब उभे होते. तिने त्याचीही बातमी लिहिली. संपादक म्हणाला, "नसलेल्या पाटीचा फोटो छापून काय करू? आणि आता याला सूत्र कोण?" बातमी आतल्या पानावरही आली नाही. सरकारने मात्र नव्या रणगाड्यांची पहिली तुकडी डोंगराकडे रवाना होत असल्याचं जाहीर केलं, आणि त्या बातमीला पहिलं पान मिळालं.

यादी लागली. दीर ब्रिगेडियर झाला.

रविवारी त्याच्या घरी सगळे जमले. सासूबाईंनी दोन्ही हातांनी लेकाचा चेहरा कुरवाळला. नवरा तर इतका मोकळा झाला होता की जुने, सगळ्यांना पाठ असलेले विनोद पुन्हा सांगत होता. जावेने तिला स्वयंपाकघरात ओढून मिठी मारली. जावेच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ताई, तुमचे उपकार विसरणार नाही. शेवटपर्यंत यांचं नाव घेतलं नाहीत."

"अगं, घ्यायला नाव होतंच कुठे..."

"असू दे हो. घरातली गोष्ट घरात." जावेने डोळा मारला आणि ताटं काढायला लागली.

ती तशीच उभी राहिली. तेवढ्यात दीर दारात आला. "वहिनी, जरा गॅलरीत येता? झाडांना एक कीड लागलीय, बघा बरं तुम्हाला ओळखता येते का."

कुंड्यांतली झाडं ठणठणीत होती. दिराने गॅलरीचं दार ओढून घेतलं.

"माझी पोस्टिंग आली," तो म्हणाला.

ती चपापली. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्याने तिला नोकरीतली सांगितलेली ही पहिलीच गोष्ट. "कुठे?"

त्याची मान ज्या दिशेला वळली ती पुरेशी होती. डोंगर.

"रणगाडे?"

"माझ्याच ताब्यात." तो कठड्याला धरून उभा होता, पाठमोरा. "वहिनी, ते दोन पूल... नेमके कितवे होते?"

तिला आधी हसू येईल असं वाटलं. आलं नाही. "भाऊजी, तुम्ही ब्रिगेडियर आहात. तुमच्या अभियंत्यांना विचारा."

"विचारलं असतं. पण त्या चौकशीनंतर पुलांचे आकडे गोपनीय झालेत. लेखी मागणी करावी लागते. आणि आडनाव आपलं. मी मागितले की पहिला प्रश्न येणार, कशाला हवेत, कुणासाठी हवेत. उत्तर यायला तीन-चार महिने. मला पुढच्या आठवड्यात निघायचंय."

"आणि आदेश?"

"पाचव्या पुलाच्या पलीकडे तळ टाकायचा."

"ते शक्य नाही."

"मला कळतं ते. पण कुठे थांबायचं ते तरी माहीत हवं ना. पुढचा ड्रायव्हर पोरसवदा असणार, पाटी नाही म्हटल्यावर तो थांबणार नाही. मीच सांगायला हवं, इथे थांब म्हणून."

घरातून नवऱ्याचा विनोद संपल्याचा आवाज आला. सासूबाई सगळ्यांच्या आधी हसल्या. या घराच्या बढतीसाठी तिने स्वतः जाऊन त्या पाट्या दाखवल्या होत्या. दाखवल्या नसत्या तर हा माणूस पुढच्या वर्षी घरी बसला असता, कुत्र्यावर आणि गिअरवर बोलत. आता तो पन्नासच्या पुलाकडे सत्तरचा रणगाडा घेऊन निघाला होता आणि पुढे खांब होते, आकडा नव्हता. राग कुणावर काढावा हे तिला कळेना. संपादक इथे नव्हता, मिशीवाला इथे नव्हता. समोर होता तो फक्त दीर, आणि तो एवढासा झाला होता.

"तिसरा," ती म्हणाली. "आणि पाचवा. दोन्ही पन्नास."

"तिसरा, पाचवा."

"तिसऱ्याच्या आधी डावीकडे वळण आहे, पूल एकदम समोर येतो. तुम्ही वळणाच्या आधीच थांबवायला हवं. खाली नदी आहे की नाही तेही दिसत नाही तिथून."

"वळणाच्या आधी. बरं." तो दाराकडे वळला. "चला, जेवण वाढतायत."

तिने त्याची बाही धरली.

"भाऊजी, थांबा. पुन्हा म्हणा."